अळंबीची भाजी

अकरा दिवसांत आम्ही गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप बनवलं आणि न तपासताच लोकांच्या हाती दिलं. ते लिहिलं मी, हे आधीच सांगून टाकतो. त्यातल्या चुकीमुळे एकाच गोळीची आठवण दोनदा यायची. आमच्या चिपळूणच्या ऑफिसात स्वयंपाक करणाऱ्या शेवंताकाकू. त्यांच्या म्हाताऱ्या आईने बीपीची गोळी दोनदा घेतली आणि चक्कर येऊन ती न्हाणीत पडली.

काकूंनी जाब विचारला, तर आमचे मिराशीसाहेब हसून म्हणाले, "काकू, या धंद्यात आधी देऊन टाकायचं असतं. चुका लोक कळवतात, मग आपण सुधारतो."

दुसऱ्या दिवशी काकूंनी साहेबांच्या आणि माझ्या ताटात अळंबीची भाजी वाढली.

"रानातली आहे. घाईत खुडली, विषारी कुठली ते बघायला वेळ नाही मिळाला. खा तुम्ही. काही झालं तर कळवा, उद्या सुधारून करते."

साहेबांचा घास हातातच राहिला. "अहो काकू, माणूस मरेल अशाने!"

"काल मी तेच सांगत होते, साहेब." काकूंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "जेवा बिनघोर. एकेक निवडून घेतलीय, आणि सकाळी आधी मी खाल्लीय. रांधणाऱ्याने खाल्ल्याशिवाय अळंबी दुसऱ्याला वाढायची नाही, अशी आमच्याकडे रीत आहे."

साहेबांनी मान खाली घातली. माझी तर वर होईना. बीपीची गोळी माझी आईही रोज घेते. तिच्या फोनवर ते अ‍ॅप मी टाकलंच नव्हतं.