वाद्यं पुढच्या दारानं

माझी सहा वर्षांची मृणू कुणालाच उलट बोलत नाही. हिचं कसं होणार, या काळजीनं माझा डोळा लागला नाही. (मला तरी कुठे जमतं?) सकाळी वेणी घालताना तिला गोष्ट सांगितली.

जुन्या मुंबईत जॅझ वाजवणाऱ्या लॉरेन्सच्या बँडचा मॅनेजर होता कायतान. एका बड्या हॉटेलात ते वाजवायला गेले, तेव्हा मालक म्हणाला, "पुढच्या दारानं फक्त वाद्यं येतील. वादक मागून, भांडीवाल्यांबरोबर."

लॉरेन्सची मान खाली गेली. कायताननं वाद्यं पुढच्या दारानं नेऊन मंचावर मांडली आणि वादकांना फुटपाथवरच बसवलं. पाहुणे नाचायला उभे राहिले, तसा मालक धावत बाहेर आला.

"अरे, वाजवा की."

"शेठ, तुम्हाला हवी ती आत पोचलीत," कायतान म्हणाला. "त्यांनाच सांगा वाजायला."

मालकानं स्वतः पुढचं दार उघडून धरलं.

मृणू म्हणाली, "आई, मग आज शाळेत नुसतं दप्तर पाठव."