तांबड्या बिल्ल्याची दोरी

फार पूर्वीची गोष्ट आहे, पण वेळ पक्की ठाऊक आहे. सकाळची न्याहारी उरकली होती, ऊन घाटाच्या तिसऱ्या पायरीवर उतरलं होतं, आणि गावच्या डोहात दोरी तुटली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक लहान मुलगी होती.

ती कशी तुटली, ते आधीपासून सांगायला हवं.

ते गाव नदीच्या वळणात वसलेलं होतं. तीन बाजूंना पाणी, आणि पूर आला की चौथ्या बाजूलाही पाणी. म्हणून तिथे मूल बोलू लागलं की त्याला पोहायला शिकवायचे. ज्या घरातल्या मुलाला पोहता येत नसे, त्या घरात पुराच्या दिवसांत कुणाचा डोळा लागत नसे.

शिकवणारे होते एक म्हातारे वस्ताद. दर वैशाखापासून पाऊस लागेपर्यंत डोहावर त्यांचा वर्ग भरायचा. मुलाच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा, कमरेला दोरी बांधायची आणि दोरीचं दुसरं टोक घाटावरच्या खांबाला. भोपळा मुलाला तरंगत ठेवायचा, पण डोहाच्या पलीकडच्या टोकाला भोवरा होता आणि तिकडे वाहून जाण्यापासून मुलाला अडवायची ती फक्त दोरी. वर्गासाठी पायलीभर जोंधळे द्यायचे. ज्याच्याकडे जोंधळे नसत, तो घाट झाडून द्यायचा.

गावाची एक रीत होती. मूल पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक आईने दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत हातातून सरकवून पाहायची. जिथे पीळ सैल लागेल, तिथे घरून आणलेल्या वाखाचा, म्हणजे अंबाडीच्या तंतूंचा, नवा पेड भरायचा. आपलं मूल असो की शेजारणीचं. दोरी कुणाची, असं कुणी विचारलं असतं तर गाव हसलं असतं.

एका वर्षी वस्तादांचे जावई शहरातून आले. शहरात ते तमाशाच्या तंबूची तिकिटं विकायचे. चार दिवस ते घाटावर सुपारी कातरत बसले आणि पाचव्या दिवशी पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "मामा, तुम्ही फार भोळे आहात."

"का हो जावईबापू?"

"पाटलाचा मुलगा आणि टोपल्या विणणारीची मुलगी, दोघांना एकच दर? सकाळचं गार पाणी आणि दुपारचं कोमट पाणी, एकच दर? वैशाखाच्या सुरुवातीला कुणाला घाई नसते, तेव्हा स्वस्त ठेवा. पूर जवळ आला की लोक घाबरतात, तेव्हा चढवा. भीती चढेल तसा दर चढला पाहिजे."

"आणि भोपळा? दोरी?"

"ते सगळं वरचं. हवं त्याने जोडून घ्यावं. नको असेल त्याच्या माथी कशाला मारायचं?"

वस्तादांचा घास हातातच राहिला. दोरी नको म्हणणारी आई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण समोर जावई होता, आणि जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्या गावातली सगळ्यात जुनी रीत होती. दोरीच्या रीतीहूनही जुनी. सासूबाईंनी पुरणपोळीवर आणखी तूप वाढलं. वस्ताद म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवशी घाटावर लाकडी बिल्ल्यांची टोपली आली. पांढरा बिल्ला म्हणजे नुसतं पाणी. पिवळा म्हणजे पाणी आणि भोपळा. तांबडा म्हणजे पाणी, भोपळा आणि दोरी. वस्तादांनी मुलाला नावाने हाक मारायला हवी असेल तर त्याचे वेगळे, आणि आईला सावलीत बसायचं असेल तर तिचेही वेगळे. पांढऱ्या बिल्ल्याची मुलं गुडघाभर पाण्यात हातपाय मारून घरी जायची, पिवळ्याची काठ न सोडता तरंगून.

लोकांना आधी गंमत वाटली.

"काय गं, तुझा आज बिनभोपळ्याचाच?"

"त्याला कशाला हवाय भोपळा? माझं पोरगंच भोपळ्यासारखं तरंगतं!"

पण दोरी आता सगळ्यांची राहिली नाही. पांढऱ्या आणि पिवळ्या बिल्ल्यांच्या आयांनी तिला हात लावायचा नाही, असं ठरलं. हात लावायचा नाही म्हटल्यावर वाख तरी कोण आणणार? आणि तांबड्या बिल्ल्यांच्या आया म्हणू लागल्या, "एवढा दर दिलाय आम्ही. वर दोरही आम्हीच वळायचा?"

दोरी रोज भिजत होती, रोज ताणली जात होती, आणि तिच्यात नवा पेड पडत नव्हता. वस्तादांना ते दिसत होतं. एकदा त्यांनी तोंड उघडलं. "जावईबापू, दोरी जरा..."

"मामा, माणूस नेमलाय ना आपण!"

माणूस नेमला होता, हे खरं. त्याचं काम बिल्ल्यांचे रंग बघण्याचं होतं.

ज्येष्ठ लागला. जावयांनी एका डफवाल्याला गल्लीगल्लीतून फिरवलं. "वरच्या अंगाला पाणी चढलं हो! आजचा दर आजच! उद्या वाढेल हो!" वर पाणी खरंच चढलं होतं का, हे बघायला कुणी गेलं नाही. मग कुणीतरी म्हणालं की डोहातल्या आसरा, त्या पाण्यातल्या देवता, यंदा भुकेल्या आहेत. हे पहिल्यांदा कोण म्हणालं, ते कळलं नाही. दर मात्र दुसऱ्याच दिवशी वाढला. आया पोरांना घट्ट धरून डोहाकडे बघू लागल्या. पाणी तेच होतं, पण आता ते काळं दिसू लागलं.

गावातलं सगळ्यात खालचं घर टोपल्या विणणाऱ्या बाईचं होतं. पूर आला की पाणी आधी तिच्या उंबऱ्याला लागायचं. तिला एकच मुलगी, गोजी. गोजी पाण्याला इतकी भ्यायची की अंघोळीचा तांब्या अंगावर ओततानाही डोळे गच्च मिटून घ्यायची. दर स्वस्त होता तेव्हा बाई बांबू आणायला डोंगरात गेली होती. परत आली तेव्हा पांढरा बिल्लाही तिच्या आवाक्याबाहेर गेला होता.

डफ तिच्या दारावरून तीन वेळा गेला. चौथ्यांदा जाण्याआधी ती उठली आणि बांबू फोडायचा कोयता घेऊन घाटावर गेली. तिच्या घरात पोट भरणारी वस्तू तेवढीच होती.

"हा घ्या. मला तांबडा द्या. माझी पोर भित्री आहे."

जावयांनी कोयत्याची धार अंगठ्याने पाहिली आणि बिल्ला दिला.

गोजीच्या पाठीला भोपळा बांधला. ती आईचा पदर सोडेना. "आई, खाली कोण आहे गं?"

"कुणी नाही बाळा. दोरी आहे ना तुला." मग बाई जावयांकडे वळली. "जरा हातातून सरकवून बघते."

जावई हसले. "बाई, तांबडा घेतलात म्हणजे निर्धास्तपण घेतलंत. आता चाचपायचं कशाला?"

मागे रांग होती. "अगं आटप की! ऊन चढलं!"

"ऊन चढू दे गं, दर चढायच्या आत माझं होऊ दे!"

सगळे हसले. बाईने वस्तादांकडे पाहिलं. जन्मभर ज्यांनी प्रत्येक आईला 'आधी दोरी बघ' असं सांगितलं होतं, ते वस्ताद समोर उभे होते. जावई त्यांच्या शेजारीच होते. वस्तादांनी मान खाली घातली.

बाईने दोरी न बघता गाठ मारली.

गोजी पाण्यात उतरली. चार हात मारले, पाचवा मारला. वस्ताद म्हणाले, "शाब्बास, गोजी!" तिने पहिल्यांदा डोळे उघडले. तेवढ्यात पाण्याच्या ओढीने तिला धरलं, दोरी ताणली, आणि मधोमध, जिथे पीळ सैल झाला होता, तिथे तुटली. मोठा आवाजही झाला नाही.

भोपळा गोजीला घेऊन भोवऱ्याकडे निघाला.

"आई!"

बिल्ले बघणारा माणूस घाटावर नाचत ओरडू लागला, "तांबडा आहे! अहो, तिचा तांबडा आहे!" जणू भोवऱ्याला रंग कळणार होता.

पायऱ्यांवर धुणी वाळत होती. बाईने लुगडं ओढलं, दुसरीने दुसरं, तिसरीने त्याला गाठ मारली. पांढऱ्याच्या, पिवळ्याच्या, तांबड्याच्या, सगळ्या आया एकाच लुगड्याला लटकल्या. वस्तादांनी टोक दातांत धरलं आणि एवढ्या वयात डोहात उडी घेतली. भोवऱ्याच्या तोंडाशी त्यांनी गोजीला गाठलं. टोक एकच होतं. ते त्यांनी तिच्या कमरेला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि हात वर केला.

आयांनी ओढलं. गोजी काठाला लागली. पाणी ओकली, मग रडली.

वर केलेला हात काही वेळ दिसत होता. मग दिसला नाही.

संध्याकाळी गाव पारावर जमलं. बिल्लेवाला म्हणाला, "मला रंग बघायला सांगितलं होतं, दोरी नाही." तांबड्या बिल्ल्यांच्या आया म्हणाल्या, "आम्ही दर दिला होता." बाकीच्या म्हणाल्या, "आम्हाला हात लावायची मनाई होती." पाटील म्हणाला, "तो सासरे-जावयांचा घरगुती प्रश्न, मी कशाला पडू मध्ये?" जावयांना विचारायला लोक घरी गेले, तर ते दुपारच्याच नावेने निघून गेले होते. कोयता बरोबर घेऊन.

तात्पर्य: ज्या दोरीवर सगळ्यांचा जीव लोंबकळतो, ती दाम देणाऱ्यापुरती करू नये. ती आधी सगळ्यांच्या हातातून जाते, मग सगळ्यांच्या नजरेतून जाते, आणि तुटते तेव्हा दाम देणाऱ्यालाही धरत नाही. आणि ज्याला हे दिसतं, त्याने जावयाची भीड धरू नये.

घाटावरच्या खांबाला त्या दोरीचा तुकडा अजून बांधलेला आहे. त्या वर्षी ती शेवटची कुणी हातातून सरकवून पाहिली, हे आजपर्यंत कुणीही सांगितलेलं नाही.