दरबारात आणलेली गळती

मंडळी, मला एक सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? छपरावर चढलेल्या माणसावर, की छपराखाली भिजत बसलेल्या माणसावर? करवंदगडच्या विठोजी राजांनी याचं उत्तर कधीच ठरवून टाकलं होतं. छपरावर चढून कौलं चाळणारा नथू हा त्यांचा दूधभाऊ. त्याच्या आईच्या अंगावर पिऊन राजे वाढलेले. तेव्हा नथू चुकेल कसा?

आणि नेमक्या त्याच नथूने हौसाच्या घराची वाट लावली होती.

हौसा मीठ विकायची. पावसाळ्यात मिठागरं बंद, होड्या बंद. म्हणून उन्हाळ्यातच मिठाचे हारे, म्हणजे मोठाले टोपले, भरून माळ्यावर ठेवायचे आणि दिवाळीपर्यंत त्यावर घर चालवायचं. यंदा तिने नथूला बोलावलं. कौलं चाळायची म्हणजे फुटकी काढायची, सरकलेली नीट लावायची, आणि चालताना पाय वाशावर ठेवायचा. नथूने तोंडात पान घातलं, वर चढला आणि अंगणात शतपावली करावी तसा कौलांवरून फिरला.

कडाक्!

"नथूदादा, काय मोडलं?"

"मोडलं नाही गं, बसलं!"

दुपारपर्यंत बरीच कौलं बसली. मग पाऊस आला, तो थेट मिठावर.

हौसा दरबारात जाऊन उभी राहिली. "महाराज, माझं सगळं मीठ गेलं."

"कुठे गेलं?"

"विरघळलं."

"म्हणजे पुरावाही विरघळला," राजे म्हणाले. "नथ्या, तुझं काय म्हणणं?"

"वानरं, महाराज! मी उतरलो की ती चढतात. माझं काम चोख, पण वानरांना कोण सांगणार?"

"महाराज, आमच्या आळीत वानरं नाहीत," हौसा म्हणाली.

"दिसत नाहीत," नथू म्हणाला. "तेवढी हुशार आहेत ती."

राजांनी मान डोलावली. त्यांना पटलं.

"महाराज, एकदा घरी येऊन बघा तरी! चुलीत पाणी साचलंय."

"आम्ही चिखलात येणार नाही. आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणारही नाही. गळती आहे म्हणतेस ना? मग घेऊन ये ती इथे! येत्या बाजाराच्या दिवशी दरबारात हजर कर. नाही आणलीस, तर आमच्या दूधभावाला बदनाम केलंस म्हणून घर रिकामं कर आणि शीव ओलांड!"

सगळा दरबार खो खो हसला. गळती काय कुणी पदरात बांधून आणतं? हौसाला हसू आलं नाही. घरी म्हातारा बाप ओल्या भिंतीला टेकून खोकत होता. त्याला घेऊन शिवेपलीकडे जायचं कुठे? तिने वर पाहिलं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि दरबाराच्या छपरातून एक थेंब येत नव्हता.

"आणते, महाराज," ती म्हणाली. "पण एक विचारू? हे छप्पर कुणी चाळलं?"

"म्हाताऱ्या बुधाजीने."

"अगंबाई! दूधभाऊ असताना परक्याच्या हातचं छप्पर? लोक म्हणतील, राजांचाच नथूदादांवर भरवसा नाही."

राजे ताठ झाले. "कोण म्हणतं असं? नथ्या! उघडीप मिळाली की चढ वर!"

"आणि वानरांचं काय?" हौसाने हळूच विचारलं.

"बरोबर बोलली पोरगी!" नथूला हुरूप आला. "पहारा हवाच, महाराज! नाहीतर माझं नाव खराब व्हायचं."

उघडीप मिळाली. दरबाराच्या चारी बाजूंना शिपाई उभे राहिले. नथूने पान लावलं आणि चढला.

कडाक्!

"काय झालं हो?" खालून शिपायाने विचारलं.

"कौल बसलं!"

शिपायाने मान हलवली. कौलं बसताना आवाज होत असेल, असं त्याला वाटलं.

बाजाराच्या दिवशी हौसा रिकाम्या हातांनी दरबारात आली.

"कुठे आहे गळती?" राजांनी विचारलं.

"येतेच आहे, महाराज. आभाळ भरलंय."

सर आली. पहिला थेंब राजांच्या नाकावर पडला. राजांनी तो पुसला आणि काही झालंच नाही असा चेहरा केला. दुसरा मिशीवर पडला. राजांनी गादी डावीकडे सरकवली, तर तिथे धारच होती. दिवाणजींनी इरलं मागवलं आणि न बोलता डोक्यावर घेतलं. फडणिसांची शाई कागदावरून उतरून त्यांच्या धोतरावर आली.

"नथ्या!"

"वानरं, महाराज!"

राजांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई सरळ माणूस. म्हणाला, "महाराज, वर एकच चढलं होतं. त्याला शेपूट नव्हतं. पान खात होतं."

हौसाने हात जोडले. "महाराज, गळती माझ्याने उचलवत नव्हती. म्हणून ज्यांनी ती माझ्या घरी आणली, त्यांच्याच हातून इथे मागवली. पाहून घ्या. माझ्या घरातल्या गळतीपेक्षा मोठी आहे, पण तुमचं छप्परही मोठं आहे!"

राजांनी वर छपराकडे पाहिलं. मिशीवरून पाणी ओघळत राहिलं. मग त्यांचं पोट हललं, खांदे हलले, आणि ते असे हसले की शिपायांनाही धीर आला.

"जिंकलीस, पोरी! हिचे सगळे हारे सरकारी कोठारातून मिठाने भरून द्या! आणि बुधाजीला आधी हिच्या घरी पाठवा, मग इथे! आता या नथ्याला शिक्षा काय द्यायची, तेही तूच सांग."

"शिक्षा कशाला, महाराज? उद्या त्यांनी आपल्या स्वतःच्या घराची कौलं चाळावीत."

नथूने राजांचे पायच धरले. "महाराज, तुरुंगात टाका, पण हे नको! घरात बायकापोरं आहेत!"

राजे पुन्हा हसत सुटले. हसता हसता त्यांना दिवाणजींच्या इरल्यात शिरून बसावं लागलं.

तर मंडळी, गोष्ट मी पुरी मापून दिली, वर चिमूटभर मीठही टाकलं. कोण किती हसलं ते ज्याने त्याने खरं खरं मांडून ठेवावं. हिशेबात लबाडी करू नये, एवढीच विनंती.