धारवाल्याची सायकल आणि घाट

सायकली एकमेकींशी बोलत, त्या काळची गोष्ट. पिंगी ही नवी सायकल मैत्रिणींबरोबर घाट ओलांडून दोनशे किलोमीटरवरच्या समुद्रापर्यंत जाणार होती. पहिलाच लांबचा पल्ला! आपण मध्येच थकलो तर मैत्रिणी पुन्हा नेणार नाहीत, या धास्तीने ती थोरामोठ्यांना विचारत सुटली.

दूधवाल्याची सायकल म्हणाली, “हवा टणक भर, पोरी.” पोस्टमनची ओरडली, “छे, कमीच ठेव!” पिंगीचं डोकं गरगरलं. शेवटी ती धारवाल्याच्या सायकलकडे गेली. तिचं चाक तीस वर्षं फिरत होतं, म्हणून अख्खा बाजार तिला मानायचा.

“काकू, घाट कसा चढायचा?”

“चाक फिरवत राहायचं. मी काय आज फिरतेय?”

“पण चढावर दम लागला तर?”

“चढ म्हणजे काय गं?”

पिंगीने खाली पाहिलं. काकूंचं चाक हवेतच गरगरत सुऱ्यांना धार लावणारा दगड फिरवत होतं. स्टँड गंजून जमिनीत रुतला होता.

ती आणखीच गोंधळून मैत्रिणींकडे आली. “मला काहीच कळलं नाही,” तिने कबूल केलं.

“आम्हाला तरी कुठे कळलंय?” त्यांच्यातली भिंगरी हसली.

“मग निघू या,” पिंगी म्हणाली. “चढ भेटला की त्यालाच विचारू.”