टिकली पाल आणि चपटा हत्ती

एक होती पाल. ई नाही म्हणायचं! ती म्हणते का तुम्हाला ई?

पालीचं नाव टिकली. ती होती कोवळ्या भेंडीएवढी. राहायची शरयूकाकूच्या दुकानात, भिंतीवरच्या घड्याळामागे.

शरयूकाकू सगळ्यांच्या वस्तू दुरुस्त करायची. कुणाचा रेडिओ, कुणाचा मिक्सर, कुणाची इस्त्री. आणि काकूचा स्वतःचा टीव्ही? तो मात्र थापेवर चालायचा!

टीव्ही होता म्हातारा. त्याला सगळे म्हणायचे टीव्हीआजोबा. पुढे काच आणि मागे मोठ्ठं पोट. हो, त्याचं पोट पाठीला!

टीव्हीआजोबांचं चित्र हललं, की वामनकाका खुर्चीतूनच थाप मारायचे. वामनकाका म्हणजे काकूचे अहो. धप्प! की चित्र सरळ.

टीव्हीत रोज एक हत्ती यायचा. धुम धुम नाचायचा. टिकलीचा भारी लाडका.

एक दिवस चित्र हललं. काकांनी मारली थाप. धप्प! जरा जोरातच.

आणि हत्ती झाला चपटा! कान चपटे, सोंड चपटी, पोट चपटं. टीव्हीत उरली नुसती एक पांढरी रेघ.

"चुक चुक चुक! माझा हत्ती!" टिकली रडायलाच लागली.

मग डोळे पुसले. आणि निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"टीव्हीआजोबा, टीव्हीआजोबा, हत्ती उठवा ना!"

आजोबा म्हणाले, "उठवेन की! पण माझ्या पोटात तारा जोडणारे चांदीसारखे थेंब आहेत, सोल्डरचे. धपाटे खाऊन खाऊन एक थेंब तडकला. आधी थेंब जुळू दे. जा, तारताईकडे."

टिकली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

डबीत बसली होती तारताई. सोल्डरची तार. वेटोळं घालून, चकचकीत.

"तारताई, तारताई, वितळ ना गं!
थेंब जुळेना,
हत्ती उठेना!"

तारताई म्हणाली, "वितळेन की! पण आधी गनदादाला तापू दे."

टिकली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

टेबलावर आडवा पडला होता गनदादा. सोल्डरगन. लांबच लांब नाक. तापलं, की नाकाला हात लावायचा नाही!

"गनदादा, गनदादा, ताप ना रे!
तार वितळेना,
थेंब जुळेना,
हत्ती उठेना!"

गनदादा म्हणाला, "तापेन की! पण एकट्याने तापायचं नाही, अशी मला ताकीद आहे. आधी काकूला माझ्याजवळ बसू दे."

टिकली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

काकू मिक्सरचे स्क्रू पिळत होती. करकर करकर.

"शरयूकाकू, शरयूकाकू, बस ना गं!
गन तापेना,
तार वितळेना,
थेंब जुळेना,
हत्ती उठेना!"

काकू म्हणाली, "बसेन की! पण आधी टीव्हीची पिन निघू दे. पिन भिंतीत आणि हात टीव्हीच्या पोटात? छे छे छे! पिन आहे काकांच्या खुर्चीमागे. त्यांना उठव बाई. मला तर कधी जमलं नाही!"

टिकली निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

काका खुर्चीत बसले होते. रेघेकडे बघत होते.

"वामनकाका, वामनकाका, उठा ना हो!
काकू बसेना,
गन तापेना,
तार वितळेना,
थेंब जुळेना,
हत्ती उठेना!"

काका म्हणाले, "उठेन की! पण मांडीवर बघ कोण आहे. ढब्बू बोका. आधी त्याला उठू दे. झोपलेल्याला मी नाही हो उठवत."

तिकडून काकू ओरडली, "बघा! एक झोपलेला बोका, एक बसलेला बोका. दोन दोन बोके पाळलेत मी!"

आता ढब्बू बोक्याकडे जायचं? बाप रे! पालीने? बोक्याकडे?

टिकलीने रेघेकडे पाहिलं. आणि निघाली. सुळुक... सुळुक... सुळुक...

"ढब्बूदादा, ढब्बूदादा, ऊठ ना रे!
काका हलेनात,
काकू बसेना,
गन तापेना,
तार वितळेना,
थेंब जुळेना,
हत्ती उठेना!"

ढब्बूने एक डोळा उघडला. हिरवागार.

"उठेन की! पण आधी काहीतरी वळवळू दे. मऊ मऊ. लांब लांब. तुझ्या शेपटीसारखं!"

टिकलीने शेपटीकडे पाहिलं. छान होती शेपटी. पट्ट्यापट्ट्यांची. मग तिने हत्तीकडे पाहिलं. बिचारा चपटा.

टिकलीने डोळे मिटले. आणि... टच्च!

शेपटी सुटली!

रडू नका, रडू नका. पालींना शेपटी सोडता येते. मग हळूहळू नवी येते. आपल्याला येत नाही, म्हणून आपण प्रयत्न करायचा नाही.

शेपटी पडली जमिनीवर. वळवळ वळवळ, वळवळ वळवळ!

टिकली पळाली भिंतीवर. आणि ढब्बूने मारली झेप!

शेपटी वळवळली, बोका उठला.
बोका उठला, काका उठले.
काका उठले, पिन निघाली.
पिन निघाली, काकू...

काकू बसली? नाही! काकू थांबली.

"पिन निघाली, तरी वीज पोटात लपून बसते हं," काकू म्हणाली. "तिला मीच उतरवणार. बाकी कुणी हात लावायचा नाही. अहो, तुम्हीसुद्धा!"

काकांनी हात मागे घेतला.

काकूने वीज उतरवली. जपून जपून. खिडकी उघडली, धूर जायला. डोळ्यांना चष्मा लावला. आणि मग काकू बसली.

काकू बसली, गन तापली.
गन तापली, तार वितळली. चुर्रर्र!
तार वितळली, थेंब जुळला. टप्!

थेंब गार होऊ दिला. आजोबांचं पोट बंद केलं. मग काकूने पिन लावली. खट्!

टीव्हीत परत ती रेघ आली.

रेघ हलली. रेघेची झाली पट्टी. पट्टीची झाली चादर. खाली पाय आले. मध्ये पोट आलं. वर कान आले. आणि सगळ्यात वर आली सोंड!

थेंब जुळला, हत्ती उठला! धुम धुम, धुम धुम!

"चुक चुक चुक!" टिकली हसली. हो, पाली हसतात पण तसंच.

नाचता नाचता हत्ती वळला. पाठमोरा झाला. टिकली बघतच राहिली. एवढा मोठ्ठा हत्ती! आणि शेपटी केवढी? एवढीशी!

टिकलीने मागे वळून पाहिलं. आपली शेपटी केवढी? एवढीशी!

"अय्या! सारखीच!"

टिकली भिंतीवर नाचली, हत्ती टीव्हीत नाचला. काका खुर्चीत बसले, ढब्बू परत मांडीवर बसला. काकू म्हणाली, "झालं, बसले माझे दोन बोके!"

हत्ती झाला उभा. आता तुम्ही व्हा आडवे.