भागाजीबुवांचा डावा हात

“...मग बुवा, आधी कोण? देव का शेजारी?”

अंद्रियाने विचारलं खरं, पण उत्तर त्याला ऐकायचं नव्हतं. ते त्याच्याजवळ तयार होतं. चार वर्षं शहरात ख्रिस्ती पाळकांच्या शाळेत शिकून आला होता. पांढरा सदरा, पायात चकचकीत बूट. डोक्याला एवढं तेल की माशी बसली तर घसरावी.

गावचे म्हातारे पाळक भागाजीबुवा उन्हाकडे पाठ करून बाजेवर बसले होते. मागल्या वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून डावा हात मांडीवर पडलेला असायचा. जणू दुसऱ्या कोणाचा तरी सांभाळायला ठेवलाय.

“तूच सांग,” बुवा म्हणाले.

“आधी देव. देवावर प्रीती जडली की तीच पुढं शेजाऱ्याकडे वाहत जाते. आणि शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा माणूस नव्हे, बुवा. तो शब्द फार मोठा आहे. सारी मानवजात आपली शेजारी.”

“सारी?”

“सारी.”

“लांबलांबची?”

“लांबचीसुद्धा.”

“आणि भिंतीपलीकडचा?”

अंद्रियाने बुटावरची धूळ झटकली.

आत सगुणाबाई भाकरी थापत होत्या. त्यांची थाप थांबली. “सांग की रे! चीन-जपानपर्यंत जाऊन आलास, अन् लहानूच्या उंबऱ्यापाशी ठेच लागली होय?”

आता भिंतीपलीकडचा लहानू म्हणजे लहानू भिंगारदिवे. त्याचं घर आणि अंद्रियाचं घर, मधे एकच भिंत. त्या भिंतीला एक झरोका होता. त्यातून विस्तव जायचा, कालवणाची वाटी जायची, भांडणंसुद्धा तिथूनच व्हायची. नऊ वर्षांमागं अंद्रियाच्या बापाच्या, नाथाच्या, पोटात कळ उठली. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं, तर गावात गाडीबैल एकट्या लहानूचे. त्याने बैल सोडले नाहीत. चौघांनी नाथाला बाजेवर घातला आणि खांद्यावर नेला. नदी ओलांडायच्या आधीच तो गेला. परत आल्यावर अंद्रियाच्या आईने शेणमाती कालवली आणि झरोका लिंपून टाकला. त्या दिवसापासून एक शब्द इकडचा तिकडे गेला नव्हता.

“बुवा, चारची गाडी आहे,” अंद्रिया म्हणाला. “उद्या नव्या मंडळीपुढं माझी पहिली उपासना. त्यांनी बजावून सांगितलंय, भागाजीबुवांचे हात डोक्यावर घेऊनच या, नाहीतर येऊ नका. तेवढे ठेवा, म्हणजे मी निघतो.”

आणि तो गुडघ्यांवर बसला. बसण्याआधी रुमाल अंथरला.

बुवांनी उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

अंद्रियाने डोळे मिटले. बराच वेळ काही ऐकू येईना... त्याने एक डोळा उघडून पाहिलं.

“प्रार्थना, बुवा?”

“दुसरा हात कुठंय?”

त्या भागातली रीतच तशी होती. लेकराला आशीर्वाद द्यायचा तर एक हात. सेवेला धाडायचं तर दोन.

“एक पुरे की, बुवा. तुमचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. देव समजून घेईल.”

“देव घेईल. मी कसं घेऊ?”

“मग सगुणाआई उचलून धरतील.”

“रोज धरते बाबा,” सगुणाबाई आतून म्हणाल्या. “आंघोळीला धरते, सदऱ्यात घालायला धरते.”

“ती माझी बायको आहे,” बुवा म्हणाले. “तुझी शेजारीण नव्हे.”

अंद्रियाने पुढं होऊन बुवांचा डावा हात मनगटाशी धरला आणि ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. “हे घ्या. झाले दोन.”

बुवांनी ठेवू दिला.

“हा हात कोणाचा?” त्यांनी विचारलं.

“तुमचा.”

“माझ्यात तर तो उचलायचं बळ नाही. भार कोणावर आहे?”

“माझ्यावर.”

“मग आपलाच हात आपल्या डोक्यावर ठेवून तुला कोण कुठं धाडतंय, अंद्रिया?”

अंद्रियाच्या बोटांतून मनगट सुटलं. हात लाकडासारखा मांडीवर पडला.

...

“तो नाही, बुवा.” अंद्रियाचा आवाज आता शाळेतला राहिला नव्हता. “दुसरं कोणीही सांगा. चोर सांगा, दारुडा सांगा, अंगावर जखमा वाहणारा सांगा. पाठीवर घालून आणतो.”

“आणशील. त्यांनी तुझं काय घेतलंय?”

“यानं माझा बाप घेतला!”

“हो,” बुवा म्हणाले. “मीच पुरला नाथाला. पहिली माती माझी.”

त्यांनी समजूत घातली नाही, की रागावले नाहीत.

“गाडी जाईल, बुवा.”

“जाईल.”

“मंडळी वाट बघतीय.”

“बघील.”

अंद्रिया उठला. रुमाल तिथंच राहिला. अंगणातून बाहेर पडेपर्यंत त्याला वाटत होतं, आपण एसटीच्या थांब्यावर चाललोय. पाय मात्र वळले ते आपल्या गल्लीत, आणि आपलं दार ओलांडून पुढच्या दारात.

लहानू ओट्यावर दोर वळत बसला होता. केस पार पिकलेले. त्याने मान वर केली. आधी तोंड पाहिलं, मग दोन्ही हात.

“कोयता कुठंय?”

“कसला कोयता?”

“नऊ वर्षं वाट बघतोय. मला वाटायचं, येशील त्या दिवशी कोयता घेऊनच येशील.”

चार वर्षांचं शिकलेलं एक अक्षर अंद्रियाच्या तोंडी येईना. आलं ते भलतंच.

“बैल का दिले नाहीत, तात्या?”

तात्या! लहानपणची हाक तोंडातून निसटली, आणि त्याचा त्यालाच राग आला.

लहानूला काहीही सांगता आलं असतं. बैल लंगडत होता म्हणायचं, चाक मोडलं होतं म्हणायचं. नऊ वर्षांनी कोण तपासायला जातंय?

“पेरणीजोगा वाफसा आला होता,” लहानू म्हणाला. “दोन दिवसांत जमीन वाळली असती. म्हटलं, पोटच दुखतंय, ओवा खाऊन उतरंल... बैल धडधाकट होते, आंद्रू. माझे मला पेरायला पाहिजे होते. मी दिले नाहीत.”

बस्स, एवढंच. वर ना रडणं, ना पाया पडणं.

अंद्रियाने मनात दोन्ही तयारी केली होती. खोटं बोलला तर तोंडावर थुंकायचं. रडला तर क्षमा करून मोठं व्हायचं. या माणसाने दोन्हीला जागा ठेवली नाही. ओट्याखाली एक कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडे अंद्रिया बघत राहिला...

“चला,” तो शेवटी म्हणाला. “बुवांचा हात उचलायला माणूस पाहिजे.”

“मी?”

“तुम्ही.”

“दुसरं कोणी मिळालं नाही?”

“मागितलं. बुवांनी दिलं नाही.”

दोघे निघाले. अंद्रिया पुढं, लहानू मागं, मधे दोन माणसं मावतील एवढी जागा. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. बुवांच्या अंगणात पोचेपर्यंत ती जागा एका माणसाची झाली होती, एवढंच.

सगुणाबाईंनी काही विचारलं नाही. चुलीवर चहाचं आधण वाढवलं.

अंद्रिया मातीतच गुडघ्यांवर बसला. बुवांनी उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. लहानूने तळवे धोतराला पुसले, एकदा नव्हे, तीनदा. मग तान्हं मूल उचलावं तसा तो मेलेला हात कोपराखालून अलगद उचलला आणि अंद्रियाच्या डोक्यावर टेकवला.

त्याची बोटं तेलकट केसांत थबकली.

“दोन भोवरे...” तो पुटपुटला. “नाथाला होते तसेच.”

अंद्रियाचे खांदे हलायला लागले. ते रडणं रागाचं होतं की कशाचं, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण तो उठला नाही. लहानूचा हातही त्याने झटकला नाही.

तिकडे थांब्यावर चारची गाडी आली. भोंगा वाजला. गाडी गेली.

बुवांनी डोळे मिटले. प्रार्थना सुरू होईना. लहानू म्हातारा माणूस. त्याचं कोपर थरथरायला लागलं, मग दंड. त्याने वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं.

“बुवा,” तो हळूच म्हणाला, “हात भरून आला. आता तुमचा नीट टेकलाय... सोडू का?”

बुवांनी डोळे उघडले नाहीत.

“सोडू नकोस, लहानू. हा विचारत होता, आधी देव का शेजारी. तो सोडलास, तर माझा उजवाही घसरेल.”