गेनबाला भरवशाचा दलाल मिळाला

मिरजेपासून थोडं आत बोरवाडी नावाचं गाव आहे. त्या गावात गेनबा शेलार नावाचा एक भोळा ट्रकवाला होता. भोळा म्हणजे किती? तर 'सावकाश जा' अशी पाटी दिसली, की पुढची पाटी येईपर्यंत दुसऱ्या गिअरवरच जायचा. पुढची पाटी कधी कधी दुसऱ्या जिल्ह्यात असायची.

गेनबानं पंधरा वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली. मग बायकोच्या तीन म्हशी विकून स्वतःचा जुना ट्रक घेतला. ट्रक आला, दारात उभा राहिला. आणि उभाच राहिला. कारण ट्रकला माल लागतो, माल व्यापाऱ्याकडं असतो, आणि व्यापारी नि ट्रकवाला यांच्यामध्ये दलाल बसलेला असतो. दलाल दोघांचंही भलं करतो. स्वतःचं करून झाल्यावर जेवढं उरेल तेवढं.

गेनबाची बायको हौसा म्हणाली, "म्हशी दूध तरी द्यायच्या. ह्यो नुसता तेल गाळतोय. पाडव्यापतुर एक खेप धड झाली तर ठीक, न्हाईतर भंगारवाल्याला बोलावते."

पाडवा एक महिन्यावर होता.

मिरजेच्या नाक्यावर ट्रकांचा अड्डा होता. तिथं दस्तगीरचाचाचं पंक्चरचं दुकान. चाचानं तीस वर्षं ट्रक चालवला होता आणि तेवढ्या काळात तो अड्ड्यावरच्या जवळजवळ प्रत्येक दलालाकडून एकेकदा फसला होता. त्यामुळं सल्ला द्यायला त्याच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

गेनबानं विचारलं, "चाचा, भरवशाचा दलाल कसा ओळखायचा?"

चाचा ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाला, "आधी त्याचं वजन बघ. ज्याला बाजारात वजन असतं, तो फसवत नाही."

"कळलं," गेनबा म्हणाला.

काय कळलं, ते चाचानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेनबा थोरवत नावाच्या दलालाकडं गेला. थोरवत किडकिडीत माणूस. वीस वर्षांत एकाही ड्रायव्हरनं त्यांच्या नावानं शिवी दिली नव्हती. अड्ड्यावर ही गोष्ट अशक्य समजली जाते.

"साहेब, जरा काट्यावर चला," गेनबा म्हणाला.

"गाडी भरलीय का?"

"गाडी न्हाई. तुम्ही चला."

थोरवत भले गृहस्थ. ते गेले. अख्खा ट्रक मावतो त्या लोखंडी काट्यावर एकटेच उभे राहिले. काट्यानं पन्नास किलो दाखवले.

"पन्नास," गेनबा हळहळला. "माणूस तुम्ही चांगले आहात हो. पण वजन न्हाई."

मग तो शेजारच्या डोईफोड्यांकडं गेला. डोईफोडे काट्यावर चढले तेव्हा काटा कुरकुरला. एकशे तीस! गेनबानं वाकून नमस्कार केला. साऱ्या बाजारात एवढं वजन दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

डोईफोड्यांनी लगेच माल दिला. म्हणाले, "नऊ टन फरशी आहे." पहिल्याच खड्ड्यात मागच्या स्प्रिंगचे पाटे मोडले आणि ट्रक कुत्र्यासारखा मागच्या पायांवर बसला. फरशी पंधरा टन निघाली.

"तुम्ही तर नऊ म्हणाला होता," गेनबा म्हणाला.

"नऊ वाजता म्हणालो होतो," डोईफोडे म्हणाले.

हे गेनबाला पटलं. नऊच वाजले होते तेव्हा.

पाटे बसवायला आठवडा गेला. चाचानं सगळं ऐकलं आणि हातातला टायर खाली ठेवला.

"लेका, दलालाला कुणी काट्यावर चढवतं का? मालाचं वजन करायचं! दलाल सांगतो एक आणि काटा दाखवतो दुसरं, असं झालं तर जो फरक निघेल तो तिथल्या तिथं भरून घ्यायचा. कळलं?"

"कळलं."

याही वेळी चाचानं पुढं काही विचारलं नाही. माणूस शहाणा असला की त्याला समोरच्याचंही शहाणपण गृहीत धरायची सवय लागते.

नवा दलाल होता माळगे. त्यानं विचारलं, "गाडी कितीची?"

"नऊ टनाची."

"बास. तुझी गाडी अगदी काठोकाठ भरेल एवढा माल आहे. कोल्हापूरला न्यायचाय."

माल होता चुरमुऱ्यांचा. पोत्यांवर पोती चढली. गाडी काठोकाठ भरली. माळग्याचं बोलणं अक्षर न् अक्षर खरं होतं. अड्ड्यावर असं वर्षातून एखाद्या वेळी होतं, आणि ते नेमकं गेनबाच्या वाट्याला आलं.

गेनबानं गाडी काट्यावर घातली. माल भरला दीड टन.

नऊ टनाची गाडी काठोकाठ भरणार म्हणाला आणि निघाला दीड! म्हणजे साडेसात टनांची लबाडी. पण गेनबा चिडला नाही. फरक तिथल्या तिथं भरून घ्यायचा होता. काट्याशेजारी रस्त्याच्या कामाचे दगड पडले होते. चार हमाल लावून गेनबानं ते चुरमुऱ्यांवर चढवले. हमालांनी कारण विचारलं नाही. विचारायची मजुरी वेगळी मिळत नाही.

नऊ टन भरले. एक किलो इकडं नाही, एक किलो तिकडं नाही.

कोल्हापुरात व्यापाऱ्यानं एक पोतं उघडलं. मूठभर घेतलं. मूठ उघडली तर वाऱ्यानं उडून गेलं.

"हे काय आहे?"

"चुरमुरे," गेनबा म्हणाला.

"हे पीठ आहे!"

"असंल. दळणाचे वेगळे देऊ नका."

व्यापाऱ्यानं जे दिलं ते इथं सांगण्यासारखं नाही. गेनबा ते खाली मान घालून ऐकत राहिला, आणि साडेसात टन दगड घेऊन परत आला.

चाचानं हेही ऐकलं. ट्यूबमधून येणारे बुडबुडे मोजले. मग म्हणाला, "अरे, शंका आली तर दलालाला फोन करायचा होता. भरवशाचा दलाल कोण? जो पहिल्या घंटीला फोन उचलतो. बाकीचे गाडी भरेपर्यंत उचलतात. गाडी निघाली की कुणी उचलत नाही."

"आत्ता बरोबर कळलं," गेनबा म्हणाला.

अड्ड्यावरच्या चहाच्या टपरीवर दलालांची बैठक असायची. गेनबानं आपला फोन तिथल्या बाकावर ठेवला. चहावाल्याला म्हणाला, "माझ्या नंबरावर घंटी द्या." आणि स्वतः ट्रकच्या आडून बघत राहिला.

फोन वाजला. तीन दलालांनी फोनकडं बघितलं आणि चहाचा घोट घेतला. तिघंही नापास.

चहावाल्यानं पुन्हा घंटी दिली. एवढ्यात पांढऱ्या शर्टातला एक अनोळखी माणूस आला. पहिल्याच घंटीला त्यानं फोन उचलला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, फोन खिशात घातला आणि मोटारसायकलवर बसला.

"हाच!" गेनबा ओरडला. "अहो थांबा! माझा ट्रक घ्या!"

आपला ट्रक त्याच्या हवाली करण्यासाठी गेनबा दीड किलोमीटर त्याच्यामागं पळाला. तो माणूस मात्र, बहुधा संकोचानं, थांबला नाही.

पाडव्याला आता चार दिवस उरले. हौसानं भंगारवाल्याला एकदा ट्रक दाखवूनही घेतला. भंगारवाल्यानं बॉनेटवर टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. गेनबाला रात्रीची भाकरी गोड लागेना. सकाळ होताच तो चाचापुढं जाऊन बसला. डोळे भरले होते.

"चाचा, मला खरं माणूस भेटंल का न्हाई?"

चाचा विरघळला. तीस वर्षांत त्यालाही कुणीतरी असंच रडवलं होतं. तो म्हणाला, "हे बघ गेनू, माणसाच्या तोंडावर सगळेच गोड बोलतात. दलाल कसा आहे ते त्याच्या पाठीमागं ड्रायव्हर काय बोलतात त्यावरून कळतं. जा, पाठीमागचं ऐक."

अड्ड्यावर कमलाक्का बिराजदार नावाची एकच बाई दलाल होती. तिचा नवरा ट्रक चालवायचा. तो गेल्यावर तिनं हे ऑफिस टाकलं होतं. बाकीचे दलाल तिच्यावर नाराज असत. बाई मालाचं खरं वजन सांगून धंद्याची रीत बिघडवते, असं त्यांचं म्हणणं होतं.

गेनबा तिच्या ऑफिसात शिरला आणि सरळ तिच्या खुर्चीमागं जाऊन, भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"काय पाहिजे?" अक्कानं वळून विचारलं.

"काही न्हाई. तुमचं चालू द्या. मी पाठीमागचं ऐकतोय."

दोन तास झाले. ड्रायव्हर यायचे, अक्काच्या समोर उभे राहायचे, बोलायचे, जायचे. पाठीमागं कुणी येईना. शेवटी गेनबानं एकाला खुणेनं बोलावलं. "दादा, जरा इकडं मागं येऊन अक्काबद्दल बोला की."

तो ड्रायव्हर मागं आला आणि कुजबुजला, "तोंडानं लई कडक आहे. पण बोलली की तसंच होतं. मागच्या साली जतच्या रस्त्यावर माझी गाडी बंद पडली, तर मेकॅनिकला घेऊन स्वतः आली."

दुसऱ्यालाही मागं बोलावलं. तो म्हणाला, "अडतीस खेपा केल्या हिच्याकडं. कागदावर असतं तेच गाडीत असतं."

"मला ऐकू येतंय," अक्का न वळता म्हणाली.

अशा रीतीनं गेनबाला भरवशाचा दलाल मिळाला. सल्ला चुकीचा समजून माणूस योग्य ठिकाणी पोचतो, असंही होतं. फार शहाण्या लोकांच्या बाबतीत याच्या उलट होतं.

अक्कानं त्याला समोर बसवलं. "चुरमुऱ्याचं पीठ केलं ते तूच ना?"

"व्हय."

"आणि फोन?"

"त्यो एका दलालानं उचलला."

अक्कानं त्याच्याकडं नीट बघितलं. गड्यात लबाडी औषधालासुद्धा नव्हती. ती म्हणाली, "उद्या जतला हत्तरग्यांच्या मुलीचं लग्न आहे. बारा पस्तीसचा मुहूर्त. मिरजेहून सहाशे खुर्च्या न्यायच्यात. जमंल?"

"जमंल."

"तुझ्याकडं फोन नाही, म्हणून आत्ताच नीट ऐक. माझी गाडी रिकामी परतली तर ड्रायव्हरचं डिझेल फुकट जातं. मी ते होऊ देत नाही. दहा वाजता तिथं बेदाण्याचा व्यापारी येईल, त्याचा माल आणायचा. काही झालं तरी गाडी रिकामी परत आणायची नाही. कळलं?"

"कळलं."

अक्का चाचासारखी नव्हती. तिनं विचारलं, "काय कळलं?"

"काही झालं तरी गाडी रिकामी परत आणायची न्हाई."

शब्दाला शब्द बरोबर होता. अक्काचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेनबा जतला मांडवापुढं हजर. नवरीचे वडील शिवलिंगप्पा हत्तरगे फेटा बांधून वाटच बघत होते. "वा! वेळेवर आलात. चढा रे, खुर्च्या उतरवा!"

चार पाहुणे गाडीवर चढले. पहिली खुर्ची खाली आली, तसा गेनबा धावला. "ठेवा ती वर!"

"का?"

"एक काढली की दुसरी काढाल."

"सहाशेच्या सहाशे काढायच्यात!"

"मग गाडी रिकामी हुईल."

"होणारच की!"

"मग मी परत कसा जाऊ?"

"चालवत!" हत्तरगे ओरडले.

तासभर वाद चालला. वऱ्हाडी उन्हात उभे. भटजी घड्याळ बघू लागले. एवढ्यात बेदाण्याचा व्यापारी आला. "गाडी रिकामी झाली का?"

"न्हाई, आणि हुणार बी न्हाई," गेनबा म्हणाला.

"मग माझे बेदाणे?"

"जागा कुठाय, शेठ? तुम्हीच बघा, गाडी भरलेली हाय."

व्यापाऱ्यानं बघितलं. गाडी खरंच भरलेली होती. तो निघून गेला.

आता हत्तरग्यांचा संयम सुटला. "मीच उतरवतो, बघू कोण अडवतो!" म्हणत ते धोतर सावरून स्वतः गाडीवर, त्या चार पाहुण्यांशेजारी, चढले.

गेनबाला अक्का आठवली. आयुष्यात पहिल्यांदा एक खरं माणूस भेटलं होतं. त्या माणसाचा पहिलाच शब्द मोडायचा? त्यानं केबिनमध्ये उडी मारली, गाडी सुरू केली आणि थेट मिरजेचा रस्ता धरला. मागं आठ-दहा मोटारसायकली, त्यांच्यामागं एक जीप, आणि त्यांच्यामागं बँडवाल्यांचा टेम्पो लागला. बँडवाल्यांना वाटलं, वरात निघाली. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

एक वाजता हा सगळा लवाजमा अड्ड्यावर पोचला. मुहूर्त टळून पंचवीस मिनिटं झाली होती. अक्का बँडचा आवाज ऐकून बाहेर आली. खुर्च्यांच्या ढिगावर शिवलिंगप्पा हत्तरगे दोरीला धरून उभे होते. फेटा सुटून गाडीमागं दहा हात फडकत होता.

"गेनबा!" अक्काच्या तोंडून एवढंच निघालं.

गेनबा खाली उतरला. घाम पुसला. आज पहिल्यांदाच त्याची छाती फुगली होती.

"मोजून घ्या, अक्का. नेल्या तवा सहाशे खुर्च्या होत्या. आत्ता सहाशे खुर्च्या, चार पाहुणे आणि नवरीचा बाप हाय. नवरी तेवढी जागेअभावी राहिली. तिला दुसऱ्या खेपेला आणतो."